दोन पाऊस पडू द्या, मग भेटू

वाचकांच्या बागेचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा शिवणयंत्रावर ठेवून वाचत बसले, तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची निघाली. कोणाला रोप द्यायचंय, कोणाला मागायचंय, कोणाला मागायचा संकोच वाटतोय. त्र्यंबकच्या बाजूला ढग जमायला लागले की नाशिकच्या गच्च्यांवर हात शिवशिवायला लागतात, ते मलाही ठाऊक आहे. म्हणून खताचे आणि गांडुळांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवते. या वेळी फक्त देण्याघेण्याचं.

ताई, या सदरात पत्रं लिहिणारे आम्ही पाच जण एकमेकांना आजवर फक्त झाडांमुळे ओळखतो. वर्षभर फोनवर फुलांचे फोटो पाठवतोय. आता प्रत्यक्ष भेटून रोपं वाटून घ्यायची आहेत. कुठे भेटावं, कधी भेटावं, काय न्यावं? आणि खरं सांगू का, थोडं दडपण आलंय. (इंदिरानगर)

दडपण मलाही आलं होतं. सातपूरहून एक वाचक मला चार वर्षं पत्रं लिहीत. अक्षर वळणदार, भाषा जुन्या वळणाची, कर्दळीवर फार जीव. मी मनात साठीचे काका धरून बसले होते. मखमलाबाद रोडला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा जमलो, तेव्हा फाटकातून मोटारसायकलवर एक पंचविशीचा मुलगा आत आला. अंबडच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट. पाठीवरच्या सॅकमधून कर्दळीची पानं बाहेर आलेली. माणूस मला ओळखू आला नाही, पण पिवळ्यावर तांबड्या ठिपक्यांची ती कर्दळ लगेच ओळखली. त्यानं सॅक उतरवली आणि पहिलं वाक्य बोलला, "तुमच्या बटमोगऱ्याला अजून कळ्या आहेत का?" आम्ही तसेच जिना चढून गच्चीवर गेलो. बाकीचे येईपर्यंत अर्धा तास कसा गेला कळलं नाही. तुमचंही असंच होईल. ज्यांनी एकमेकांच्या झाडांची दुखणी वर्षभर ऐकली आहेत, त्यांना बोलायला विषय शोधावा लागत नाही.

आता जागा. पहिल्या भेटीला कोणाचं घर नको, सार्वजनिक बागही नको. बागेत कुंड्या घेऊन शिरलं की रखवालदार विचारतो, आणि पाण्याचा नळ जवळ नसतो. पाचांपैकी कोणाच्या तरी इमारतीचं पार्किंग घ्या. सावली, नळ, लोकांची येजा, सगळं असतं, आणि अनोळखी माणसांना पहिल्यांदा भेटताना अशी उघडी जागा बरी. सोबत घरातलं कोणी आणावंसं वाटलं तर आणा. दुसऱ्या भेटीपासून एकमेकांच्या गच्चीवर जा. गच्ची बघितल्याशिवाय माणसाची बाग कळत नाही. ऊन कुठून येतं, टाकी कुठे आहे, कुंड्या कशात केल्यात, हे फोटोत दिसत नाही.

वेळ म्हणाल तर दोन चांगले पाऊस पडू द्या. आपल्याकडे मृग वेळेवर बरसतोच असं नाही, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात माती अजून तापलेली असते. त्या मातीत खोचलेली फांदी मुळं फुटायच्या आधी वाळते. जुलैचा पहिला किंवा दुसरा रविवार धरा. आभाळ भरलेलं, हवा दमट, अशा दिवसांत कापलेल्या फांदीच्या पानांतून पाणी कमी उडतं आणि तिला मुळं काढायला उसंत मिळते. सकाळी आठला जमा आणि फांद्या त्याच सकाळी कापा. आदल्या रात्री कापून बादलीत ठेवू नका.

न्यायचं कसं, हे मी माझ्या धंद्यातून शिकले. पंचवटीत ब्लाऊज शिवायची तेव्हा अस्तराच्या सुती चिंध्या पोतंभर निघायच्या. ती चिंधी भिजवून, पिळून, फांदीच्या बुडाला गुंडाळायची आणि वरून वर्तमानपत्राचा एक वेढा द्यायचा. सिन्नरपर्यंतच्या एसटीच्या प्रवासात फांदी ताजी राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नेऊ नका. उन्हात आत वाफ धरते आणि पानं शिजतात. मुळासकट काढलेलं रोप असेल तर मातीचा गोळा फुटू देऊ नका, कापडात घट्ट बांधा.

आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणांच्या पट्ट्या कापा आणि त्यावर शिसपेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई पावसात आणि उन्हात उडते, पेन्सिल वर्षभर टिकते. झाडाचं तुमच्या घरी चालतं ते नाव, फुलाचा रंग, ऊन किती लागतं आणि कोणी दिलं एवढं पुरे. कोणी दिलं हे तर लिहाच. माझ्या गच्चीवर 31 कुंड्यांत अशा पट्ट्या आहेत. पाणी घालताना ती सगळी माणसं एकदा नजरेखालून जातात.

प्रत्येकानं तीन-चार प्रकारच आणावेत, पण नीट वाढवलेले. वाटताना चिठ्ठ्या काढा. "मी सोनचाफ्याची गुटी दिली आणि मला गवती चहाचा ठोंब मिळाला" असा हिशेब एकदा सुरू झाला की दुसऱ्या भेटीला निम्मी माणसं येत नाहीत, हे मी पाहिलं आहे. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याला पहिली चिठ्ठी काढू द्या. खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे नियम आहे की बागेतलंच काहीतरी हवं. पानओव्याची भजी आणि अळूवड्या नेहमी येतात. एकदा कोणी मायाळूची भजी आणली होती, ती सगळ्यात आधी संपली.

मैत्रिणींनी दिलेल्या गुलाबाच्या काड्या दर वेळी काळ्या पडतात. नर्सरीतल्या गुलाबाची काडी लागतच नाही का? आमच्याकडे द्राक्षबाग आहे, मातीची काही कमी नाही. (निफाड)

उत्तर तुमच्याच बागेत उभं आहे. तुमची द्राक्षवेल जमिनीत बहुधा स्वतःच्या मुळांवर नाही. खाली डॉगरिज या दुसऱ्या वेलीचा खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग आहे आणि वर पाचर कलम केलेली हवी ती जात. गुलाबाचंही तेच. नर्सरीतून येणारे मोठ्या फुलांचे गुलाब गावठी खुंटावर डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, सालीत बसवून केलेले असतात; त्याला डोळा भरणं म्हणतात. त्यांची काडी कधीकधी लागते, पण स्वतःच्या मुळांवर ती बहुधा अशक्तच राहते. म्हणून मैत्रिणींकडे आधी गावठी गुलाबाच्या काड्या मागा. त्या सहज लागतात. त्या वाढल्या आणि साल सुटी व्हायला लागली की त्यावर मैत्रिणीच्या आवडत्या गुलाबाचा डोळा भरा. तुमच्याकडे पाचर कलम करायला येणारे कारागीर असतील, त्यांना एकदा विनंती करा. त्यांच्या बोटांना सवय असते.

काडी फूल गळून गेलेल्या फांदीची घ्या, पेन्सिलीइतकी जाड, सहा ते आठ इंच लांब. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवा, बाकी काढा. निम्मी माती, निम्मी वाळू. बुडापासून काळी पडते म्हणजे पाणी जास्त होतंय किंवा माती फार चिकट आहे. द्राक्षाची काळी माती गुलाबाच्या काडीला नको. जुलै-ऑगस्टमध्ये लावा. ऑक्टोबरात तुमची गोडी छाटणी चालते तेव्हाच गुलाबही छाटतात आणि त्या काड्या फेकवत नाहीत हे खरं, पण पुढे निफाडची थंडी येते. डिसेंबरच्या त्या गारठ्यात मुळं फुटण्याची वाट बघत बसावं लागतं. मोगलांच्या काळात आपल्या नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, म्हणत. दोन-तीन काड्या काळ्या पडल्या म्हणून निफाडकरांनी गुलाब सोडू नये.

नाशिकरोडच्या मैत्रिणीनं ब्रह्मकमळाचं पान दिलं, ते आठ दिवसांत कुजलं. हे हिमालयातलं झाड, आपल्या उन्हात येणार कसं? (देवळाली कॅम्प)

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते बर्फाच्या डोंगरात उंचावर जमिनीवर वाढतं आणि ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. आपण कुंडीत लावतो ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. रानात ते झाडांच्या फांद्यांवर, सावलीत वाढतं. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं चपटं खोड आहे, म्हणून तर त्याच्या कडेला कळी येते.

तुमचं कुजलं कारण तुम्ही ते ताजं ताजं मातीत खोचलं असणार. कापलेली कड तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, त्यावर पापुद्रा धरला पाहिजे. मग दोन इंच भुसभुशीत मातीत उभं करा आणि आठवडाभर नुसतं शिंपडा. पहिलं फूल यायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. ज्या रात्री उमलेल त्या रात्री मैत्रिणीला बोलवा. सकाळी ते मान टाकतं, त्यामुळे फोन रात्री दहालाच करावा लागतो.

शेजारणीनं प्रेमानं जास्वंद दिली. महिन्याभरात माझ्या सगळ्या जास्वंदींवर पांढरा कापूस. तिला सांगू की नको? संबंध चांगले आहेत. (सिन्नर)

सांगा, आणि आजच सांगा. तिच्या झाडावरही तो असणार आणि तिला बहुधा दिसलेला नाही. "तुझ्या जास्वंदीनं माझी बाग घालवली" असं म्हणू नका. "आपल्या दोघींच्या जास्वंदींना पिठ्या लागलाय, रविवारी मिळून धुऊ" असं म्हणा. मी आणि माझी शेजारीण एका पावसाळ्यात सलग चार रविवार हेच करत होतो. तिथपासून आमची मैत्री घट्ट झाली.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर असल्यामुळे नुसतं औषध शिंपडून त्याला काही होत नाही. आधी पाइपचं पाणी जोरात मारून धुवा, पानांच्या खालून आणि बेचक्यांतून. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, खतखड्ड्यात नको. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारा. दर सहा-सात दिवसांनी, निदान तीन वेळा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. कुंडीवर मुंग्या चढत असतील तर त्यांचा रस्ता तोडा. या किड्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

आणि पुढच्यासाठी एक सवय लावून घ्या. आलेलं रोप, मग ते सख्ख्या बहिणीनं का दिलेलं असेना, तीन आठवडे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला एकटं ठेवायचं. रोज पान उलटून बघायचं. जमलं तर कुंडीतून अलगद काढून मुळंही बघायची. मुळांवर पांढरी पूड किंवा गाठी दिसल्या तर ती माती आपल्या बागेत मिसळू द्यायची नाही. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, पाय धुवायला पाणी देतो. रोपालाही तेवढा वेळ द्यावा.

मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात. खरं का? (सातपूर)

नाही. तो मागून आणलेलाही तेवढाच वाढतो, पेराजवळ छोटा कोंब असलेला तुकडा असला म्हणजे झालं. मागा. नाही कोणी म्हणत नाही.

सासूबाईंनी जपलेला मदनबाण मोगरा आमच्या अंगणात आहे. येणारा प्रत्येक जण कलम मागतो. दिलं की आपल्या घरचं काही वेगळं उरणार नाही असं वाटतं. हा माझा हावरेपणा आहे का? (गंगापूर रोड)

हावरेपणा नाही. सासूबाईंची आठवण तुम्ही एका झाडात ठेवली आहे, म्हणून जीव तुटतो. मलाही आईच्या बटमोगऱ्याबद्दल असंच वाटायचं.

तो मोगरा आई तिच्या माहेराहून, येवल्याहून घेऊन आली होती. आम्ही तेव्हा पंचवटीत गोदाघाटाच्या अगदी जवळ राहायचो, अंगण उतरतं. 2008 च्या सप्टेंबरात महापूर आला. नाशिकमध्ये पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून मोजतात, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या दिवशी मारुती पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर अंगणात वीतभर चिखल होता आणि मोगऱ्याच्या जागी कोणाच्या तरी दुकानाची लाकडी फळी. आई त्याआधी तीन वर्षं गेली होती. मी मशीन, कापड, सगळ्याचं नुकसान सोसलं, पण त्या खड्ड्याकडे बघून रडले.

डिसेंबरात एक जुनी गिऱ्हाईक ब्लाऊज द्यायला आली, नाशिकरोडची. मी सहज म्हणाले की मोगरा गेला. ती म्हणाली, "अहो, तुमच्या आईनंच तर मला दाब कलम करून दिलं होतं, लग्नाच्या वर्षी. आता माझ्या दारात पुरुषभर झालाय." पुढच्या पावसाळ्यात तिनं त्याचंच कलम करून मला आणून दिलं. आज माझ्या गच्चीवर आहे तो तो.

मोगऱ्याच्या या भरगच्च पाकळ्यांच्या जाती बी धरत नाहीत. बटमोगरा असो की मदनबाण, तो एका घरातून दुसऱ्या घरात फांदीनंच जातो. म्हणजे तुमच्या अंगणातला आणि तुम्ही ज्याला द्याल त्याच्या अंगणातला, झाड एकच. सासूबाईंचा मदनबाण एकाच अंगणात असला तर एक वाळवी, एक पाइपलाइनचं खोदकाम त्याला पुरतं. माझा सल्ला असा की मागेल त्या प्रत्येकाला देऊ नका, हवं तर तीन घरं निवडा, पण ती वेगवेगळ्या भागांतली निवडा. एक नदीपासून लांबचं.

कलम असं करा. जुलैत जमिनीलगतची एक लवचीक फांदी निवडा, पेराखाली अर्धा इंच तिरकी चीर द्या, शेजारी ठेवलेल्या कुंडीतल्या मातीत तेवढा भाग दाबा, शेंडा बाहेर राहू द्या आणि वर दगड ठेवा. दोन-अडीच महिन्यांनी हलकेच ओढून बघा. घट्ट लागली असेल तर मूळ झाडाकडची बाजू कापा, पण लगेच उचलू नका, आठ-दहा दिवस तिथेच राहू द्या. आणि पट्टीवर सासूबाईंचं नाव लिहा.

आमच्या भेटीला एक जण अंजनेरीहून कंदीलपुष्पाचे कंद आणणार म्हणतोय, दुसरी पाणवेलीची जांभळी फुलं टाकीत लावायला आणणार आहे. चालेल ना? (पाथर्डी फाटा)

दोन्ही नको. कंदीलपुष्पाची एक जात तर अंजनेरीच्याच नावानं ओळखली जाते, इतकी ती त्या डोंगराची आहे. डोंगरावरचा प्रत्येक कंद तिथेच राहिला पाहिजे. पावसाळ्यात सगळे मिळून बघायला जा, वाकून फोटो काढा, परत या. पाणवेल म्हणजे जलपर्णी. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठीच भारतात आली आणि आज आपल्या गोदावरीचं काय करते ते कुठल्याही पुलावरून खाली बघितलं की दिसतं. तुमच्या टाकीतला एक ठोंब गटारात गेला तरी नदीपर्यंत पोचतो. हे दोन्ही निरोप त्यांना प्रेमानं पण स्पष्ट द्या.

वय 78. दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला कायमचा जातो आहे. गच्चीवर 62 कुंड्या आहेत, विकायच्या नाहीत. मुलाचं घर सातव्या मजल्यावर, गॅलरी चार फुटांची. पत्नीनं लावलेली सायली सोडून जाववत नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. काय करू? (कॉलेज रोड)

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सायली सोडून जायची नाही. मोठा वेल उपटून नेऊ नका, या वयाच्या मुळांना ते सोसणार नाही. पण दिवाळीला अजून अवकाश आहे. वर मोगऱ्याचं जे सांगितलं तेच सायलीला लागू आहे. जुलैत तिच्या तीन फांद्या दाबून ठेवू, ऑक्टोबरपर्यंत तीन रोपं तयार होतील. एक पुण्याला तुमच्याबरोबर, एक माझ्याकडे आणि एक सातपूरच्या त्या मुलाकडे. पुण्यात काही झालं तर इथून परत पाठवता येईल. तुमची गॅलरी कुठल्या दिशेला आहे तेवढं सुनेला विचारून ठेवा. पूर्वेची असेल तर सायली नक्की फुलेल, उत्तरेची असेल तर तिच्याबरोबर काय न्यायचं ते वेगळं बघू.

बाकीच्या कुंड्यांचं म्हणाल तर इंदिरानगरचे पाच जण आहेतच, आणि आमचा जुना गटही आहे. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येऊ. तोपर्यंत रोज दोन-तीन कुंड्यांच्या पट्ट्या लिहीत जा. झाडाचं नाव, साल, कोणी दिलं आणि जागा उरली तर काकूंना त्यातलं कुठलं आवडायचं. जुलैत येईन तेव्हा पट्ट्या आणि अस्तराच्या चिंध्या मीच घेऊन येते. तुमच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात माझा नंबर आहे.

आणि टेम्पो यायच्या आदल्या संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालू नका. ओल्या कुंड्या जिन्यावरून उतरवायला फार जड होतात.